डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला: तयारीची यादी

पॉलिटेक्निकच्या सहाव्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला की पोरं गोव्याची तिकिटं काढतात. काढा, पण आधी नॉन-क्रिमीलेअर (घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) काढा. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी, यातल्या कुठल्याही प्रवर्गातून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं असेल तर हा दाखला लागतोच. 'आमच्याकडे आहे' हे उत्तर चालणार नाही. फाइल उघडा, दाखल्यावरची मुदत बोट ठेवून वाचा. 2026 च्या प्रवेशाला 31 मार्च 2027 पर्यंतची वैधता हवी. यंदाचा मार्च नव्हे, पुढचा! गेल्या खेपेला भावाची फाइल मीच लावली होती. दाखल्यावर सही, शिक्का, बारकोड सगळं होतं, मुदत मात्र त्याच मार्चअखेर संपलेली. नाव खुल्या प्रवर्गात गेलं.

म्हणून फेब्रुवारीत घाई करू नका, एक वर्षाचा दाखला असेल तर महिन्याभरात बाद होतो. एप्रिल उजाडला की लगेच लागा. आधी तहसीलचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, मग प्रांतांच्या सहीचा नॉन-क्रिमीलेअर. जूनमध्ये सेतूत दहावी-बारावीवाल्यांची झुंबड असते आणि सर्व्हर नेमका तेव्हाच बसतो.

जात वैधता (जात पडताळून मिळणारं प्रमाणपत्र, म्हणजेच व्हॅलिडिटी) वेगळी. एससी, एसटीला नॉन-क्रिमीलेअर नको, पण व्हॅलिडिटी हवीच. पडताळणी समितीकडे महिने जातात, त्यामुळे पाचव्या सेमिस्टरलाच कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज टाका.

मार्कशीट, दहावीचं प्रमाणपत्र, डोमिसाइल, टीसी ही तर नेहमीचीच. फक्त नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, ते बघा.

सीईटी नाही, म्हणून निवांत राहू नका. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या टक्क्यांवर लागते. पाचव्या सेमिस्टरला केलेला आळस इथे दिसतो. अर्ज ई-स्क्रूटिनीला (कागदांच्या ऑनलाइन तपासणीला) टाकलात तर रोज लॉगिन करून बघा. त्रुटी काढून अर्ज परत पाठवतात आणि दुरुस्तीला मुदत असते. अपलोड करताना पुन्हा एकदा: नॉन-क्रिमीलेअर, पुढचा 31 मार्च. जुनी पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवूच नका, घाईत तीच चढते.

ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत, क्रम आवडीचा लावा, 'मिळेल कुठलं' याचा नको. पहिला पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते, पुढच्या फेरीत बदलायची संधी (बेटरमेंट) नाही. मित्राच्या सांगण्यावरून वर घातलेलं कॉलेज गळ्यात पडतं, मग रडायचं नाही.

एम-थ्री, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर. बहुतेक डिप्लोमावाले इथेच आपटतात. बाकीची मुलं पहिल्या वर्षाचं गणित करून आलेली असतात, तुम्ही नाही. लाप्लास, फूरिए समोर येण्याआधी सुट्टीत इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन घोटून घ्या. प्रॅक्टिकलला तुमचा हात त्यांच्यापेक्षा सरस असेल, त्यावर गणित सुटत नाही.

पुढचं थोडक्यात. सीट मिळाली की मुदतीत कॉलेजात हजर, मूळ कागद सोबत. टीसी देण्याआधी चार-पाच झेरॉक्स. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. होस्टेलचा अर्ज त्याच दिवशी. महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीचा) फॉर्म भरा आणि खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत विचारून घ्या.