थालीपिठावरचं लोणी घेताना मी काय बघतो

माझं सदाशिव पेठेत थालीपिठाचं दुकान आहे. आठवड्याला सात-आठ किलो पांढरं लोणी लागतं, म्हणून ओळखीतले विचारतात, चांगलं कुठे मिळेल? दुकानाचं नाव सांगून उपयोग नाही. तोच माणूस दिवाळीत झकास देतो आणि मे महिन्यात भलतंच. म्हणून घ्यायचं कसं ते सांगतो.

आधी १०० ग्रॅम आणा आणि कढवा. एकदा एका पुरवठादारानं मला किलोला ४४० सांगितले, माझा नेहमीचा ४८० घेत होता. खूश होऊन नमुना कढईत टाकला, तर तडतड थांबेचना. नुसतं पाणी! तूप उतरलं ६४ ग्रॅम. नेहमीच्याचं ८० उतरायचं. म्हणजे किलोभर तुपाच्या हिशेबानं स्वस्तवाला पडला जवळपास ६८८ रुपयांना आणि महागवाला ६०० ला. पाकिटातल्या टेबल बटरमध्ये निदान ८० टक्के दुधाचं फॅट असावंच लागतं, तोच आकडा सुट्ट्या लोण्यालाही लावून बघायचा. पाकिटावर ‘फॅट स्प्रेड’ लिहिलं असेल तर ते बटर नव्हे, शेजारी कितीही ऐटीत ठेवलेलं असो.

मग गवळ्याला विचारा, जनावरांना सध्या काय घालताय? माझा गवळी शिरूरकडचा. लसूणघास, हिरवा मका भरपूर असला की त्याच्या गाईंचं लोणी पिवळसर येतं. उन्हाळ्यात कडब्यावर आली की तेच फिकं पडतं. चाऱ्यातलं कॅरोटीन, म्हणजे पिवळा रंग देणारं द्रव्य, काही प्रमाणात गाईच्या दुधात तसंच उतरतं, म्हैस मात्र त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं लोणी बारा महिने पांढरं. म्हशीचं म्हणून पिवळंधमक लोणी कोणी पुढे केलं तर मी तिथून निघतो.

सरकी पेंड जास्त झाली की लोणी घट्ट होतं. थालीपिठावर गोळा ठेवला तरी बराच वेळ तसाच बसून राहतो, गिऱ्हाईक चमच्यानं टोचत बसतं. ते वाईट नसतं, फक्त लवकर पाघळत नाही. आणि पेंड-भुशाचाच मारा करून वैरण कमी घातली तर दुधातलं फॅट घटतं; कडबा स्वस्त म्हणून त्याला कमी लेखू नये. लोण्याला आंबूस वास आला तर मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, धारेच्या आधी घातला का ते विचारा. धार काढून झाल्यावर घातला की वास येत नाही.

भेसळीचा संशय असेल तर वाटाण्याएवढं लोणी तळहातावर चोळा. चांगलं लोणी अंगाच्या उबेनं विरघळतं. वनस्पती तूप मिसळलेलं मेणासारखं राहतं, टाळूला चिकटतं. पण सरकी पेंड खाणाऱ्या जनावरांचं लोणीही जरा रेंगाळतं, तेव्हा लगेच भांडायला उठू नका. बटाटा किंवा पीठ घातलंय का बघायचं तर आयोडीनचे दोन थेंब टाका, निळं झालं की समजा.

किलोभर लोण्याला गाईचं बावीस-तेवीस लिटर दूध लागतं, म्हशीचं बारा-तेरा. थंडीत दूध वाढतं, तेव्हा जास्त घेऊन तूप करून ठेवावं. कोजागिरीच्या सुमारास मात्र घेऊ नका, गणेश पेठेतल्या दूधभट्टीवर, म्हणजे दुधाच्या बाजारात, भाव चढलेला असतो.

आणलेलं लोणी थंड पाण्यात तीन-चारदा धुवायचं, पाण्यातलं ताकट पांढरेपण जाईपर्यंत. ताक राहिलं की दुसऱ्या दिवशी आंबट. मग स्टीलच्या डब्यात गार पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उरलेलं मी सरळ कढवायला घेतो. खालची बेरी साखर घालून दुकानातली पोरं कढईतच संपवतात.