हृदयठोक्यांच्या अंतरांवरून क्रॉस-कंट्री स्कीपटूचे व्यायाम-उंबरठे कसे ओळखावेत

क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे बर्फावरच्या लांब मार्गावर दोन काठ्यांच्या आधाराने स्कीवरून पुढे जाण्याचा खेळ. त्यातील वरच्या दर्जाच्या स्कीपटूच्या वार्षिक सरावातील सुमारे ८० ते ९० टक्के वेळ हलक्या तीव्रतेच्या कामात जातो. हे हलके काम जिथे संपते ती सीमा म्हणजे पहिला उंबरठा. त्याच्या वर दुसरा उंबरठा असतो, ज्यापुढचे श्रम फार वेळ टिकवता येत नाहीत. पहिल्या उंबरठ्याचा अंदाज चुकला, तर सोपा म्हणून केलेला सराव नकळत जड होत जातो. रक्तातील लॅक्टेट (श्रम वाढताना रक्तात वाढणारा पदार्थ) किंवा श्वासातील वायू मोजून तो ठरवता येतो, पण लॅक्टेटसाठी चाचणीच्या प्रत्येक टप्प्यावर बोट टोचावे लागते आणि वायूंसाठी मुखवट्यासह प्रयोगशाळा लागते. ठोक्याठोक्यांमधील अंतरांचा चढउतार, म्हणजेच हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, हा तिसरा मार्ग आहे. त्याला छातीवरचा एक पट्टा आणि थोडे गणित पुरते. मात्र स्कीइंगमध्ये तो इतर खेळांपेक्षा अधिक काळजीने वापरावा लागतो.

हृदय मिनिटाला १२० वेळा धडधडत असले, तरी प्रत्येक ठोका बरोबर अर्ध्या सेकंदाने पडत नाही. विश्रांतीत आणि हलक्या श्रमात हृदयाची गती मंद ठेवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम हृदयावर असतो आणि ही अंतरे सतत कमीजास्त होत राहतात. श्रम वाढले की तो लगाम सुटत जातो. अंतरांमधील फरकाचा आकार मोजणारे आरएमएसएसडीसारखे निर्देशांक पहिल्या उंबरठ्याच्या आसपासच इतके खाली जातात की त्यापुढे ते फारसे काही सांगत नाहीत. म्हणून येथे वेगळी मोजणी वापरतात. डीट्रेंडेड फ्लक्चुएशन ॲनालिसिस ही पद्धत मुळात डीएनएच्या रचनेतील अनुक्रम तपासण्यासाठी मांडली गेली आणि १९९५ च्या सुमारास हृदयाच्या ठोक्यांना लावली गेली. तिच्यातील अल्फा-१ हा आकडा साधारण ४ ते १६ ठोक्यांच्या पट्ट्यात प्रत्येक अंतर मागच्या अंतरांशी किती बांधलेले आहे हे दाखवतो. हलक्या श्रमात तो १ च्या आसपास किंवा वर असतो. श्रम वाढताना तो घसरतो, ०.५ म्हणजे अंतरांमध्ये काही संगतीच उरलेली नाही, निव्वळ यादृच्छिकता आहे. पहिला उंबरठा ०.७५ वर आणि दुसरा ०.५ वर धरावा, ही मांडणी २०२० नंतरच्या संशोधनातून पुढे आली.

या सगळ्याचा पाया प्रत्येक ठोक्याची अचूक नोंद हा आहे, आणि स्कीपटूची चाचणी बहुतेक वेळा इथेच बिघडते. मनगटावरील प्रकाशाने मोजणारे घड्याळ येथे उपयोगाचे नाही, कारण हात काठ्यांसह सतत झोके घेत असतात. हृदयाचा विद्युत-संकेत पकडणारा छातीचा पट्टाच हवा. डबल पोलिंगमध्ये, म्हणजे दोन्ही काठ्या एकदम रोवून स्वतःला पुढे ढकलण्याच्या तंत्रात, धड पुढे दुमडते, छातीचे स्नायू आवळले जातात आणि पट्टा सरकतो. थंडीत कोरड्या त्वचेवर त्याचा संपर्कही नीट होत नाही. म्हणून पट्ट्याचे संपर्कभाग पाण्याने किंवा जेलने ओले करावेत, पट्टा नेहमीपेक्षा थोडा घट्ट बांधावा आणि चाचणीपूर्वी मिनिटभर जोरात डबल पोलिंग करून नोंद तपासावी. मिनिटाला १५० ठोके पडत असताना अंतर ४०० मिलिसेकंद असते. एक ठोका निसटला की तिथे एकदम ८०० दिसते. अशा चुका सॉफ्टवेअर दुरुस्त करते, परंतु दुरुस्त केलेला ठोका हा अंदाज असतो. एखाद्या टप्प्यात दुरुस्त ठोक्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या वर गेले, तर त्या टप्प्याचा अल्फा-१ संशयाने पाहावा. ५ टक्क्यांच्या वर गेले, तर तो टप्पा वगळावा.

पट्टा नीट असूनही अनियमित ठोके वारंवार दिसत असतील, तर तो गणिताचा नव्हे, डॉक्टरांचा प्रश्न आहे. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या वासालोपेट शर्यतीत भाग घेतलेल्यांच्या मोठ्या अभ्यासात अधिक वेळा आणि अधिक वेगाने शर्यत पूर्ण करणाऱ्यांमध्ये हृदयलयीच्या बिघाडाचे प्रमाण जास्त आढळले होते, त्यामुळे या खेळात ही शंका अनाठायी नाही. हृदयगती कमी करणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांनीही हे उंबरठे ठरवण्याच्या फंदात पडू नये.

चाचणी रोलर स्की (चाकांच्या स्की) घालून रुंद ट्रेडमिलवर घेतलेली उत्तम. आदल्या दिवशी कठीण सराव नसावा. दहा-पंधरा मिनिटे हलके अंग गरम केल्यावर प्रत्येकी किमान ३ मिनिटांचे, शक्य असल्यास ४ किंवा ५ मिनिटांचे, सहा-सात टप्पे घ्यावेत. अल्फा-१ हा साधारण २ मिनिटांच्या खिडकीतून काढला जातो, त्यामुळे दर मिनिटाला भार वाढवणाऱ्या चाचणीत आकडा प्रत्यक्ष श्रमांच्या मागे रेंगाळतो. प्रत्येक टप्प्याची शेवटची २ मिनिटेच हिशेबात घ्यावीत. डायगोनल स्ट्राइडमध्ये, म्हणजे चालताना असतात तसे हात-पाय आळीपाळीने टाकण्याच्या तंत्रात, वेग स्थिर ठेवून चढ वाढवावा. डबल पोलिंगमध्ये चढ स्थिर ठेवून वेग वाढवावा. मध्येच तंत्र बदलू नये.

आता हिशेब. समजा, एका खेळाडूच्या हिशेबात धरण्याजोग्या पाच टप्प्यांची सरासरी हृदयगती १२७, १३६, १४५, १५४ आणि १६३ आहे आणि अल्फा-१ अनुक्रमे १.०५, ०.९३, ०.८०, ०.६६ आणि ०.५२ आला. हे बिंदू आलेखावर मांडून त्यांतून सरळ रेषा काढली, तर ती ०.७५ ची पातळी १४८ ठोक्यांवर आणि ०.५ ची पातळी १६५ ठोक्यांवर छेदते. रेषेत फक्त उताराचा सरळ भाग घ्यावा. सुरुवातीला अल्फा-१ वर-खाली होत असेल किंवा शेवटी तो सपाट झाला असेल, तर ते बिंदू सोडून द्यावेत. अशी चाचणी काही दिवसांनी पुन्हा घ्यावी. दोन निकालांत तीन-चार ठोक्यांचा फरक चालेल. दहाचा फरक आला, तर आधी पट्ट्यावर संशय घ्यावा आणि मग खेळाडूच्या थकव्यावर.

स्कीपटूसाठी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की उंबरठा हा खेळाडूचा एकट्याचा नसतो, तो खेळाडू आणि तंत्र या जोडीचा असतो. डायगोनल स्ट्राइडमध्ये हात-पाय दोन्ही काम करतात, डबल पोलिंगमध्ये भार मुख्यतः धड आणि हातांवर येतो, आणि तिथली कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता सहसा कमी भरते. धावून मिळवलेला आकडा डबल पोलिंगला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा बूट घालणे. ज्या तंत्रात सराव जास्त, त्या तंत्राची चाचणी आधी घ्यावी आणि शक्य झाल्यास दुसऱ्या तंत्राची वेगळ्या दिवशी.

दुसऱ्या उंबरठ्याबाबत मी हात आखडता घेतो. व्हेगसचा प्रभाव सरल्यावर उरलेला चढउतार बराचसा श्वासामुळे हृदयावर पडणाऱ्या यांत्रिक ताणातून येतो, आणि डबल पोलिंगमध्ये श्वास काठ्यांच्या लयीला बांधला जातो. म्हणजे जोर वाढवताना खेळाडूने लय बदलली, तर श्रम तेवढेच असूनही आकडा हलू शकतो. श्वासाच्या याच प्रभावामुळे, चढउतार वारंवारतेच्या (सेकंदाला किती वेळा, म्हणजे हर्ट्झ) पट्ट्यांत विभागून पाहणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत ०.४ हर्ट्झची नेहमीची वरची मर्यादा इथे अपुरी पडते: मिनिटाला ६० श्वास म्हणजेच १ हर्ट्झ. त्यामुळे ०.५ वरून मिळालेली हृदयगती हा इशारा समजावा आणि शर्यतीच्या वेगाचा सराव आखण्यापूर्वी एकदा तरी लॅक्टेटशी ताडून पाहावी. पहिल्या उंबरठ्यासाठी साधी बोलण्याची चाचणीही उपयोगी पडते: त्या गतीला पूर्ण वाक्य न अडखळता बोलता यायला हवे.

बर्फावर चाचणी घेणे शक्य आहे, पण चढउताराच्या फेऱ्यांवर नाही. प्रत्येक उतारावर हृदयगती कोसळते आणि २ मिनिटांच्या खिडकीत दोन वेगळ्या अवस्था मिसळतात. लांब, एकसारखा, सौम्य चढ शोधावा आणि तोच प्रत्येक टप्प्यासाठी पुन्हा वापरावा.

उंबरठा एकदा ठरला की हाच आकडा रोज पाहण्याचा मोह होतो. त्यापेक्षा नेहमीच्या वेगाने अंग गरम करतानाची शेवटची काही मिनिटे पाहावीत. जिथे एरवी अल्फा-१ हा १ च्या वर असतो, तिथे त्याच हृदयगतीला तो ०.८ दिसू लागला आणि पट्टा नीट असल्याची खात्री असली, तर थकवा उतरलेला नाही असे धरून त्या दिवसाचा कठीण सराव पुढे ढकलावा. दीर्घ सत्रातही हे घडते: तिसऱ्या तासाला हृदयगती १४० वर स्थिर असूनही अल्फा-१ घसरत जातो, आणि तेव्हा हृदयगतीचा जुना उंबरठा पकडून चालणे योग्य नसते, वेग कमी करावा लागतो.