ठाण्याहून थंडीत नदीकाठचे विधी पाहायला कुठे जावे?

ठाण्याहून निघणाऱ्याने आधी हे ठरवावे, की आपल्याला देखणा सोहळा पाहायचा आहे की रोजचा विधी. वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावरील सायंआरती भव्य असते. मात्र डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून परतीला एक दिवस हाताशी ठेवावा. दोनच दिवसांची सुटी असल्यास, माझ्या मते, कसारा घाट ओलांडून नाशिकचे रामकुंड गाठावे. पहाटे गोदावरीत कुडकुडत बुडी मारणारे भाविक आणि शेजारीच पिंड, दर्भ व काळे तीळ मांडून बसलेली कुटुंबे तेथे दिसतात. अस्थिविसर्जनही होत असल्याने मोबाइल खिशातच असावा. वाईचा कृष्णाकाठ एरवी निवांत असतो, पण कृष्णाबाईच्या उत्सवात तेथील घाटही गजबजतात.