काम सुटल्यावर नव्याने हात बसवताना

ऑगस्ट 2019 च्या महापुरात वेदगंगा आणि दूधगंगा पात्राबाहेर आल्या तेव्हा ज्यांची घरे आणि जनावरे गेली, ते आणि बेळगावच्या वडगाव-खासबागेत माग विकावा लागलेले विणकर यांची दुःखे वेगळी असली, तरी चाळिशीच्या आसपास पुन्हा शिकाऊ होण्याची पाळी दोघांवरही सारखीच येते. अशा वेळी बहुतेक जण आधी कोर्स शोधतात आणि काम कोण शिकवेल याचा विचार मागाहून करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा, कारण प्रमाणपत्र फार तर कारखान्याच्या फाटकापर्यंत नेते. आत टिकवून ठेवतो तो मेस्त्री.

मात्र त्याही आधी कागद जुळवावेत. कर्नाटकातल्या आपल्या मराठी सीमाभागातली ही खास अडचण आहे. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये आणि आधार इंग्रजीत, त्यामुळे एकाच माणसाचे नाव आणि आडनाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले असते. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर हे लक्षात आले, तर ती तुकडी हातची जाते. म्हणून सर्व कागद एकत्र मांडून नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर पडताळावी, बँक खाते आधारशी जोडावे, आणि जात व उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) वेळेवर अर्ज करावा.

त्यानंतर हाताला आधीपासून काय येते, ते कागदावर लिहून काढावे. हे काम वाटते तितके सोपे नाही, कारण रोजच्या सवयीची कामे आपल्याला कौशल्य वाटतच नाहीत. यंत्रमाग चालवणाऱ्याला धागा तुटल्याचे डोळ्यांआधी कानाला कळते. हाच कान लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) टूल, म्हणजे कापणारे हत्यार, बोथट झाल्याचा बदललेला आवाज ओळखायला उपयोगी पडतो. विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांत मापाचा जो अंदाज असतो, तो शिवणकामात किंवा वायरिंगच्या जुळणीत वाया जात नाही. मेस्त्रीपुढे उभे राहून ‘मला काही येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘बारा वर्षे माग चालवला आहे’ असे सांगावे.

मेस्त्री शोधायला बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे या कारखान्यांच्या वसाहतींत पाळी सुटण्याच्या वेळी चहाच्या गाड्यावर उभे राहावे. तिथे अर्ध्या तासात जे कळते, ते माहितीपत्रकात सापडत नाही. कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, मोल्डिंगला (ओतकामाचे साचे बनवण्याला) मागणी आहे की फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करण्याला), सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) नवख्याला कोण उभे करते, एवढेच विचारावे. पहिल्याच भेटीत नोकरी मागू नये. चांगल्या मेस्त्रीची माझी खूण साधी आहे. तो व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेण्याचे साधन, हातात देतो, शून्यावर शून्य जुळते का ते आधी पाहायला लावतो, मुख्य पट्टीवरचा आकडा वाचून घेतो, मग सरकत्या पट्टीवरची नेमकी जुळलेली रेघ दाखवायला सांगतो आणि 0.02 मिलिमीटरची चूक झाली तरी माप पुन्हा घ्यायला लावतो. जो माप स्वतःच घेऊन मोकळा होतो, त्याच्याकडे वर्षभर राहूनही झाडू मारण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

आता प्रशिक्षण. स्वतःचा धंदा करायचा असेल, तर बँकांमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था पाहावी. शिकणे, राहणे आणि जेवण तिथे मोफत असते आणि पुढे दोन वर्षे पाठपुरावाही केला जातो. या पद्धतीची पहिली संस्था 1982 मध्ये आपल्याच राज्यात, उजिरे येथे सुरू झाली. कारखान्यात जायचे असेल, तर आयटीआय किंवा बेळगावचे सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्र हा मार्ग आहे. शिंपी, गवंडी, सुतार, कुंभार यांना पीएम विश्वकर्मा योजनेतून प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांचे व्हाउचर मिळते. मात्र तिच्या 18 व्यवसायांत माग चालवणारा विणकर नाही, त्यामुळे कोणी अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागितले तर आधी यादी पाहावी. ‘अप्रेंटिस’ म्हणून घेतो असे सांगणाऱ्याकडे नोंदणीकृत करार मागावा. करार नसेल, तर ती हेल्परगिरीच आहे.

कन्नडचा प्रश्न मनात अढी न ठेवता सोडवावा. सीमाप्रश्नावर मत काहीही असो, सुरक्षेची पाटी आणि हजेरीपत्रक वाचता आलेच पाहिजे. रोज दहा शब्द मेस्त्रीकडूनच शिकावेत.

बायकांनी प्रवासाचा हिशेब आधी करावा. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे निपाणीहून बेळगावला सरकारी साध्या बसने येण्याला भाडे लागत नाही, पण महाराष्ट्रातल्या कागलच्या औद्योगिक वसाहतीकडे जायचे तर राज्याची हद्द ओलांडावी लागते आणि तिकीट पडू शकते. पगार थोडा कमी असला, तरी महिन्याअखेर कोणती वाट परवडते ते यावरून ठरते.

काम लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत सावकाराचा तगादा किंवा घरातले आजारपण यांमुळे खाडे होतात आणि माणूस लाजेने परत जातच नाही. म्हणून खाड्याच्या दिवशी सकाळीच मेस्त्रीला फोन करावा, कारण खरे सांगावे आणि कधी परत येणार तो वारही सांगावा. एक लहान वही खिशात ठेवून दिवसभरात झालेली चूक आणि मेस्त्रीने सांगितलेली दुरुस्ती तिच्यात लिहावी, आणि दर शनिवारी ती त्याच्यापुढे उघडून ठेवावी.