"उचलून नेऊ" म्हणू नका

दापोलीहून मुरुडला येणाऱ्या पाहुण्यांत आता आजी-आजोबा बरेच असतात. व्हीलचेअर वापरणारेही फोन करतात. त्यांना बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "या की, चार पोरं आहेत, उचलून नेऊ." हे मनापासून म्हटलेलं असतं, मला माहीत आहे. पण साठ-सत्तर वर्षं मानाने जगलेल्या माणसाला संडासापर्यंत परक्यांनी उचलून न्यावं, हे सुट्टीत कोणाला आवडेल? म्हणून आपल्या वाडीतल्या घरांत काय बदलायचं, ते माझ्यासारख्याच होम-स्टेवाल्यांसाठी लिहिते आहे.

आधी गाडी थांबते तिथपासून पलंगापर्यंत टेप घेऊन चालत जा. पाखाडी (दगडी पायवाट), अंगण, जोतं (घराचा चौथरा), उंबरठा, दार. जिथे चाक अडेल तिथे खडूने खूण करा.

उताराचं गणित सोपं आहे: १ फूट उंचीला १२ फूट लांबी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही १:१२ हेच प्रमाण आहे. जोतं दीड फूट असेल तर उतार १८ फूट लागतो. गवंडी म्हणेल, "वहिनी, सहा फुटांत बसवतो." बसवू देऊ नका. तेवढ्या चढावर मागून ढकलणाराही घसरतो आणि उतरताना खुर्ची आवरत नाही. अंगणात सरळ जागा नसेल तर उतार भिंतीच्या कडेने वळवा आणि वळणावर ५ फुटांची सपाट जागा ठेवा. वर दारापुढेही तेवढीच सपाट जागा हवी, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे जाते. रुंदी ४ फूट, दोन्ही बाजूंना कठडा. वरचा थर खरखरीत सिमेंटचा ठेवा, चकचकीत टाइल नको. पावसाळ्यात आपल्याकडे चार दिवसांत शेवाळ धरतं, ते ब्लिचिंग पावडर टाकून घासत राहावं लागतं.

उंबरठा काढायला घरातली वडीलधारी तयार होत नाहीत, आणि काढायची गरजही नाही. माझ्या सासूबाई त्याची रोज पूजा करतात. आम्ही दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी बसवल्या. २ इंच उंबरठ्याला प्रत्येक बाजूला २ फूट लांब. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या आता स्वतःच तिथून जातात.

सगळ्यात जास्त पैसे न्हाणीघरावर खर्च करा. दार ३ फुटी आणि बाहेर उघडणारं हवं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कमोडची उंची साधारण १८ इंच. बाजूला आडवी दांडी, आणि ती जांभ्याच्या भिंतीत नुसत्या स्क्रूने बसवू नका. चिरा ठिसूळ असतो, स्क्रू सुटतो. बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी लावा. मग स्वतः दांडीला लोंबकळून बघा. टॉवेलच्या दांडीला म्हातारं माणूस आधारासाठी हात घालतंच, म्हणून तीही तितकीच भक्कम हवी. अंघोळीला जड, न सरकणारी बैठक ठेवा आणि हाताचा शॉवर द्या. गरम पाण्याची बादली उचलायला लावू नका.

फोनवर "चालता येतं का?" एवढंच विचारून भागत नाही. किती पायऱ्या जमतात, पलंगावर कोणत्या बाजूने चढतात, खुर्ची किती रुंद आहे, रात्री उठावं लागतं का, हे विचारा. दारांची मापं आणि न्हाणीघराचे फोटो पाठवा. जे नाही ते नाही सांगा. दिसत नसलेल्या पाहुण्याला खोलीतून एकदा फिरवा, त्याने तुमचं कोपर धरायचं, तुम्ही त्याला ओढायचं नाही. नंतर खुर्ची-तांब्याची जागा बदलू नका. वाडीत नेऊन जायफळ, दालचिनीचं पान, पोफळीचं खोड हातात द्या. ऐकू न येणाऱ्यांशी व्हॉट्सअॅपवर बोला, आणि वीज जाते म्हणून खोलीत हातातली बॅटरी (टॉर्च) ठेवाच.

सुवर्णदुर्ग हा समुद्रातला किल्ला, तिथे होडीतून उतरून चढायचं असतं, त्याचा आग्रह धरू नका. हर्णैच्या किनाऱ्यावरून तो छान दिसतो.

समुद्र मात्र प्रत्येकाला जवळून हवा असतो, आणि तो देता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब आपल्याकडे पोरांनाही येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाला. त्या दिवसांत चारनंतर निघा, पाणी मागे सरत असतं आणि ओली वाळू कडक असते. अष्टमीला संध्याकाळी भरती असते, तेव्हा सकाळ दुपारकडे झुकल्यावर जा. बुकिंग घेतानाच तिथी बघून तारीख सुचवा. मधल्या मऊ वाळूच्या पट्ट्यावर प्लायवुडच्या दोन फळ्या आलटून पालटून टाका. फळ्या नसतील तर खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाकं पुढे ठेवून ओढत न्या, पुढची छोटी चाकं वाळूत रुततात. परत आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्या. सोबत आलेल्या मदतनिसाचे वेगळे पैसे लावू नका.