विद्यापीठ, महापालिका आणि पोळ: शाश्वत विकासाच्या संयुक्त प्रकल्पाला अनुदान कसं मिळवायचं

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली आणि मगरी वस्तीत दिसू लागल्या. असा प्रश्न एकट्या सिव्हिल विभागाला सुटत नाही. त्याला भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र, समाजकार्य, महापालिका आणि जिथे पाणी भरतं तिथली माणसं, सगळी लागतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठात यातल्या बहुतेक विद्याशाखा एकाच छत्राखाली आहेत, हे आपलं भाग्यच. पण त्यांना एकत्र आणून अनुदान मिळवायचं तर क्रम पाळावा लागतो: आधी प्रश्न, मग माणसं, मग पैसा, आणि अर्ज सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमके उलट्या टोकाने सुरू करतात.

प्रश्न तीन ओळींत मांडा

एखाद्या योजनेची जाहिरात आली, मुदत वीस दिवसांवर आहे, चला काहीतरी पाठवू, असं करू नका. प्रश्न वर्षभर आधी तयार असू द्या. तो किती नेमका असावा, हे एका उदाहरणाने सांगतो.

'बडोदा शहरातील शाश्वत जलव्यवस्थापनाचा बहुआयामी अभ्यास' या शीर्षकातून अर्ज तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'दांडिया बाजार आणि रावपुरा भागातल्या जुन्या विहिरींपैकी किती विहिरींतून छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवता येईल? त्यासाठी त्या कशा साफ कराव्या लागतील? आणि प्रकल्प संपल्यावर त्यांची देखभाल कोण करील?'

या तीन प्रश्नांतूनच कोण कोण हवं ते उघड होतं. जुन्या शहरातल्या विहिरीत गटाराचं पाणी पाझरत असेल, तर तिच्यात पाऊस सोडून आपण दूषित पाणी आणखी खोल ढकलू. पहिल्या सरींबरोबर छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठाही वाहून येते, म्हणून ते पाणी बाजूला काढावं लागतं आणि गाळणी बसवावी लागते. म्हणजे पाणी तपासणारी प्रयोगशाळा आली. मुरलेलं पाणी कुठे जातं ते सांगायला भूजलाचा जाणकार आला. विहीर कुणाच्या मालकीची, कुणाच्या भांडणात अडकलेली, हे विचारायला समाजकार्याची माणसं आली. सहकार्याची गरज अशी प्रश्नातून निघाली की अर्जात ती वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांखाली १६९ लक्ष्यं आहेत. अर्जात सतराही चौकोन रंगवण्याचा मोह टाळा. वरच्या उदाहरणाला दोन लक्ष्यं पुरेत: ११.५, म्हणजे पाण्याच्या आपत्तींसह सर्व आपत्तींतलं नुकसान कमी करणं, आणि ६.ब, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेच्या व्यवस्थापनात स्थानिक लोकांचा सहभाग वाढवणं. प्रत्येकापुढे तुम्ही काय मोजणार ते लिहा.

माणसं: पाठिंब्याचं पत्र आणि कामाचं पत्र

संयुक्त प्रकल्पाचा खरा कस इथे लागतो. अर्जाला जोडलेली पत्रं बहुधा सारखीच असतात: 'या उपक्रमास आमचा पूर्ण पाठिंबा आहे.' अशा पत्रावरून तपासणारा काहीही ठरवू शकत नाही. पोळीतल्या (पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट वस्तीची गल्ली) मंडळाकडून किंवा सोसायटीकडून असं पत्र घ्या: 'आमच्या आवारातल्या दोन विहिरींची पाण्याची पातळी दर सोमवारी मोजून नोंदवहीत लिहिण्यासाठी आम्ही एक माणूस देऊ. त्याचं मानधन प्रकल्पातून मिळावं. विहिरीत काही बांधण्याआधी आमची सभा घेतली जावी.' या पत्रात काम आहे, अपेक्षा आहे आणि अटही आहे.

महापालिकेच्या बाबतीत अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात हे धरून चाला. पत्र पदाच्या नावाने घ्या, आणि त्यात कोणती माहिती मिळेल ते स्पष्ट लिहून घ्या: पावसाळी गटारांचे नकाशे, पाणी भरणाऱ्या जागांच्या नोंदी, जे काही असेल ते.

एमओयू, म्हणजे भागीदारांमधला सामंजस्य करार, लांबलचक नको, पण पाच गोष्टी त्यात हव्यातच: कोण काय करणार, कुणाला किती रक्कम आणि कोणत्या हप्त्यात, मोजमापांचा मालक कोण, शोधनिबंधात आणि अहवालात नावं कुणाची, आणि एखादा भागीदार मध्येच बाहेर पडला तर काय. विद्यापीठाच्या वतीने सही करण्याचा अधिकार प्राध्यापकाचा नसतो. कागद विभागप्रमुख, डीन, रजिस्ट्रार असा जातो. त्यासाठी मुदतीआधी किमान महिनाभर हाताशी ठेवा.

पैसा कुठे आहे

विज्ञान-तंत्रज्ञानाचा भाग मोठा असेल तर आधी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ पाहा. २०२३ च्या कायद्याने ते आलं आणि पूर्वीचं एसईआरबी (सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड) त्यात विलीन झालं. जुन्या एसईआरबीच्या नमुन्यावर अर्ज लिहायला घेऊ नका. तंत्रज्ञान थेट वस्तीपर्यंत न्यायचं असेल तर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा 'सीड' विभाग जवळचा. समाजशास्त्रीय अभ्यासासाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. राज्यात गांधीनगरचं गुजकोस्ट, म्हणजे गुजरातची विज्ञान-तंत्रज्ञान परिषद आहे, आणि २००९ पासून गुजरात सरकारचा स्वतंत्र हवामान बदल विभागही आहे. परदेशी विद्यापीठ सोबत असेल तर केंद्राच्या 'स्पार्क' या संयुक्त संशोधनाच्या योजनेच्या पात्रतेच्या अटी आधी वाचा.

सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशाकडे, मात्र विद्यापीठातले लोक पुरेसं लक्ष देत नाहीत, आणि रिफायनरीपासून औषधांपर्यंतचे कारखाने असलेल्या बडोद्यात तरी ते द्यायलाच हवं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे हा पैसा कोणत्या कामांवर खर्चता येतो त्या यादीत, शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांत संशोधन करणाऱ्या सरकारी निधीवरच्या विद्यापीठांना दिलेली रक्कम स्पष्ट शब्दांत बसवली आहे. कंपनीच्या सीएसआर प्रमुखाला भेटायला जाताना ती ओळ छापून न्या. समाजकार्याचा भाग या ओळीत बसत नाही. तो पर्यावरण आणि पाण्याच्या कलमाखाली वेगळा मांडा. एखादी संस्था कंपनीकडून थेट पैसा घेऊन काम करणार असेल, तर तिची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे असा पैसा घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, असल्याची खात्री करा.

परदेशातून पैसा येणार असेल तर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा विषय सगळ्यात आधी अकाउंट्स विभागाशी बोला. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. म्हणून 'विद्यापीठात येऊ दे, मग मंडळाला देऊ' ही रचना कागदावर कितीही सोपी दिसली तरी करू नका.

बजेट लिहिताना

भागीदाराचा पैसा स्वतंत्र ओळीत दाखवा. माझं हे आग्रहाचं सांगणं आहे. वस्तीतल्या माणसाचं काम 'कन्टिन्जन्सी'त (किरकोळ खर्चात) किंवा 'प्रवास आणि इतर'मध्ये लपवलं, तर तपासणीच्या वेळी ते आधी कापलं जातं. मोजमापं घेणारा, सभा बोलावणारा, घरोघर जाणारा माणूस हा संशोधनाचा भाग आहे. त्याचं मानधन 'मनुष्यबळ' या शीर्षाखाली यायला हवं.

जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, घेणार असाल तर १ जानेवारी २०२३ पासूनचा केंद्राचा दर महिना ३७,००० रुपये आहे. चोवीस महिन्यांचे ८,८८,००० होतात, आणि घरभाडे भत्ता वेगळा धरावा लागतो. विहिरीची पातळी नोंदवणारी यंत्रं, पाण्याच्या चाचण्या, गाळणीचं साहित्य यांच्या किमतींसाठी ताजी कोटेशनं जोडा. खरेदी नियमानुसार जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करावी लागते का, हे आत्ताच विचारून ठेवा. ओव्हरहेडचा (विद्यापीठाच्या व्यवस्थापन खर्चाचा) दर अनुदान देणाऱ्या संस्थेच्या नियमांतून घ्या, अंदाजाने नको.

पावसाळा बजेटमध्येही असतो. मंजुरी ऑक्टोबरात आली तर पहिला पाऊस आठ महिने लांब असतो. वेळापत्रक 'महिना १, महिना २' असं न लिहिता 'पहिला पावसाळा, दुसरा पावसाळा' असं आखा. दोन पावसाळे मोजायचे असतील तर मंजुरी उशिरा आली तरी निभावेल इतकी मुदत मागा.

परवानग्या

घरोघरची पाहणी असेल तर एथिक्स कमिटीची मान्यता घ्या. संमतीपत्र गुजरातीत करा आणि दांडिया बाजारसारख्या भागात मराठीतही ठेवा. सही करणाऱ्या आजींना ते स्वतः वाचता आलं पाहिजे. नदीकाठी काम असेल तर मगर हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, त्यामुळे वन विभागाला विचारल्याशिवाय पाण्यात यंत्र टाकू नका. वाव (पायऱ्यांची विहीर) किंवा जुनी विहीर संरक्षित वास्तू असू शकते किंवा खासगी आवारात असू शकते. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव हे त्याचं ठळक उदाहरण. ती अभ्यासात हवी असेल तर मालकांची लेखी परवानगी अर्जासोबतच जोडा.

मंजुरीनंतर

सँक्शन लेटर, म्हणजे मंजुरीचं पत्र, आलं की आधी त्यातल्या अटी सगळ्या भागीदारांसमोर बसून वाचा. केंद्राच्या अनुदानाचा हिशेब जीएफआर २०१७, म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे द्यावा लागतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत १२-अ नमुन्यात यूसी (पैसा वापरल्याचा दाखला) जायला हवं, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो. रकमेवर मिळालेलं व्याज सरकारला परत करायचं असतं. भागीदारांकडून दर तीन महिन्यांनी खर्चाचे कागद मागून घ्या. मार्चमध्ये मंडळाच्या खजिनदाराकडे एकदम वर्षाची बिलं मागणं त्याच्यावर अन्याय आहे.

अनुदानातून घेतलेलं यंत्र परवानगीशिवाय विकता किंवा देऊन टाकता येत नाही. विहिरीतली यंत्रं प्रकल्पानंतरही वस्तीकडेच राहावीत असं वाटत असेल, तर तसं हस्तांतर करण्याची विनंती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी देणाऱ्या संस्थेला पाठवा. सोबत महापालिकेचं किंवा सोसायटीचं, देखभाल कोण करील हे सांगणारं पत्र जोडा.