वादळी पावसात चार दिवस वीज गेली तरी घर कसे चालवावे

एप्रिल-मे महिन्यांतील वळवात गेलेली वीज बहुधा काही तासांत परत येते. आषाढातील झडीचे तसे नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत वाड्यांपर्यंत जाणाऱ्या तारा रानातून आणि ओढ्यांवरून येतात, आणि त्या वाटेवरचा एक खांब जरी आडवा झाला तरी तो पुन्हा उभा करण्यासाठी माणसे व साहित्य चिखलातून न्यावे लागते. त्यात महापूर आला तर शहराकडून येणारे रस्तेच बंद होतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. म्हणून डोंगरी भागातील घराने एका रात्रीची नव्हे, चार दिवसांची तयारी ठेवावी आणि ती मृग निघण्यापूर्वी पूर्ण करावी.

मृगाआधी घर तपासणे

छपरापासून सुरुवात करावी. सरकलेली कौले बसवून घ्यावीत, पत्र्याचे सैल हुक आवळून घ्यावेत. वाऱ्याने उडालेला पत्रा माणसाला जखमी करतो आणि तारेवर पडला तर साऱ्या वाडीची वीज घालवतो. तारांना टेकलेल्या फांद्या मात्र स्वतः कोयता घेऊन कधीही तोडू नयेत. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी कळवावे आणि वायरमनने पुरवठा बंद केल्यावरच ते काम व्हावे.

त्यानंतर जाणकार वायरमनकडून घराचे आर्थिंग तपासून घ्यावे. मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नसेल, तर घरातील दुसरा कोणताही खर्च पुढे ढकलून तो बसवावा, असे मी आग्रहाने सांगेन. ओल्या भिंतीतून किंवा गोठ्यातील पत्र्यातून विजेची गळती झाल्यास हे उपकरण क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पुरवठा तुटला नाही तर उपकरण बदलावे.

पाणी, चूल आणि वैरण

वीज गेली की बोअरची मोटर थांबते आणि गावची नळयोजनाही थांबते, म्हणून टाकी, पिंपे व घागरी पावसाचा इशारा मिळताच भराव्यात. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच लिटर धरावे. जनावरांचा हिशेब वेगळा करावा, कारण दुभत्या म्हशीला दिवसाला ५० लिटरच्या आसपास पाणी लागते. विहिरीचे पाणी गढूळ झाले असेल तर ते फडक्याने गाळून, खळखळून उकळून प्यावे.

गॅसची टाकी भरलेली असली तरी शेणी आणि जळण कोरड्या जागी, जमिनीपासून उंच रचून ठेवावे. कडबाकुट्टी विजेवर चालत असेल तर दोन-तीन दिवसांची सुकी वैरण आधीच कापून घ्यावी. फ्रिजचे दार उघडले नाही तर आतील गारवा सुमारे चार तास टिकतो. त्यानंतर दुधाला विरजण लावावे. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर फ्रिजशिवाय ते कसे व किती दिवस टिकते हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. बाळंतपणाची तारीख जवळ आलेली लेक-सून आणि ऑक्सिजनच्या यंत्रावर अवलंबून असलेला रुग्ण यांना रस्ता बंद होण्यापूर्वीच दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडे पोहोचवावे.

उजेडाचा हिशेब

इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. प्रत्यक्षात १२०० धरावेत. नऊ वॅटचे चार दिवे आणि ७० वॅटचा पंखा एकत्र चालवले तर ही बॅटरी अकरा तासांत उतरते. पंखा बंद ठेवून तीन दिवे रोज संध्याकाळी पाच तासच लावले, तर चार संध्याकाळी सहज निघतात. झडीच्या दिवसांत डोंगरात पंखा तसाही फारसा लागत नाही. इन्व्हर्टर चालू असताना स्वतःही वीज खातो, त्यामुळे दिवसा तो बंदच करावा. मोबाईल टॉवरची बॅटरीही काही तासांनी संपते, म्हणून आकाशवाणी ऐकण्यासाठी सेलवर चालणारा रेडिओ जवळ असावा.

जनरेटर आणला असल्यास तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवावा. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. जनरेटरची वायर घरातील सॉकेटमध्ये खोचू नये. घर एका वेळी तारांच्या किंवा जनरेटरच्या एकाच विजेला जोडणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर ती वीज उलट तारांमध्ये जाते आणि डीपीवर चढलेल्या वायरमनचा जीव घेते.

वादळ सुरू असताना

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरात वीज पडण्याचा इशारा देते. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर रानातील काम टाकून पक्क्या घरात यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली उभे राहू नये, जनावरेही तेथे बांधू नयेत. टीव्ही, फ्रिज व मोटरचे स्टार्टर वादळ जवळ येण्यापूर्वीच बंद करून प्लग काढून ठेवावेत.

पाऊस उघडल्यावर

सर्वांत जास्त धोका या वेळी असतो, कारण माणसे उसाची अवस्था पाहायला घाईने बाहेर पडतात. पडलेली तार मेलेली आहे असे कधीही समजू नये. तिच्यापासून किमान दहा मीटर दूर थांबावे, मुलांना व जनावरांना अडवावे आणि वायरमनला किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावे. तार पायाजवळच पडली असेल तर लांब ढांग टाकू नये. ओल्या जमिनीत दोन पायांमधील विद्युतदाबाच्या फरकाने धक्का बसतो, म्हणून पावले न उचलता, पाय एकमेकांना चिकटवून सरकत दूर जावे. तारेला चिकटलेल्या म्हशीला किंवा माणसाला सोडवायला धावू नये. आधी पुरवठा बंद करवावा, मग १०८ ला फोन करावा.

घरात पाणी शिरले असेल तर भिंती सुकून वायरमनने तपासणी करेपर्यंत मेन स्विच चालू करू नये. वीज परत आल्यावर आधी एकच दिवा लावावा. तो मिणमिणत किंवा डोळे दिपवण्याइतका प्रखर जळत असेल तर दाब बिघडलेला आहे असे समजून मेन बंद करावा. प्रकाश दहा-पंधरा मिनिटे स्थिर राहिला की फ्रिज लावावा, आणि शेतावरील मोटर तिन्ही फेज आल्याची खात्री करून सर्वांत शेवटी सुरू करावी.